कविता लिहायला परवानगी लागत नाही, छापायला लागते

(या आठवड्याच्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली'ची गर्दी थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच आहे. या भागात कोविडच्या दिवसांबद्दल आणि घरातल्या मृत्यूबद्दल बोलणं आहे. आज नको वाटत असेल तर नंतर वाचा, काही बिघडत नाही.)



मी मिरजेचा. बीटेक कॉम्प्युटर, २०१८ ची बॅच. नोकरी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि मार्च २०२० पासून निम्मं आयुष्य मिरजेतल्या घराच्या वरच्या खोलीत. डिसेंबर २०२४ मध्ये माझा पहिला कवितासंग्रह निघाला. मीच लिहिला, मीच छापून घेतला आणि मीच रिक्षात खोकी घालून घरी आणला. ९६ पानं, ३०० प्रती.

तेव्हापासून मला दोन प्रकारचे मेसेज येतात. एक, "किती खर्च आला?" आणि दुसरा, "लिहून बरं वाटलं का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, बिल दाखवता येतं. ते पुढे सांगतोच. दुसऱ्याचं उत्तर मेसेजमध्ये मावत नाही, म्हणून आजचा भाग.

ती रात्र

आधी काय झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत पॉइंट्समन होते. मिरज जंक्शन ज्यांनी बघितलंय त्यांना इथलं यार्ड माहीत असेल. पुण्याकडे, कोल्हापूरकडे, पंढरपूरकडे, बेळगावकडे, चारी बाजूंना फाटे. अण्णांच्या ड्यूट्या फिरत्या. त्यामुळे आमच्या घरात दोन नियम होते. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. आणि ड्यूटीवरच्या माणसाला हाक मारायची नाही, कारण डबे जोडताना लक्ष गेलं तर हात जातो. लहानपणी आम्ही हे पाढ्यांसारखं पाठ केलं होतं.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. अण्णा आठ दिवस वॉर्डात होते. आत कुणाला सोडत नव्हते, फोन एवढाच काय तो धागा. मी वरच्या खोलीत, आई खाली. त्या आठवड्यात माझी ऑन-कॉल पाळी होती. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रात्री सर्व्हर पडला की ज्याला उठवतात तो माणूस म्हणजे ऑन-कॉल. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. काम असलं की डोकं तिकडे गुंतायचं, आणि मला ते हवं होतं.

त्या रात्री एक डिप्लॉयमेंट फसलं होतं. मी हेडफोन लावून लॅपटॉपवर मीटिंगमध्ये. माझा स्वतःचा मोबाइल टेबलावर उलटा ठेवलेला. २ वाजून १० मिनिटांनी अण्णांचा फोन येऊन गेला. मी तो ३ वाजता बघितला. म्हटलं, आता डोळा लागला असेल, सकाळी करू. सकाळी साडेसहाला वॉर्डातून फोन आला.

एवढंच. यात कुणाची चूक शोधायला गेलात तर सापडणार नाही. पण मला सापडली होती. मी जागा होतो. झोपलेला असतो तर स्वतःला माफ केलं असतं, असं मला वाटायचं.

त्यानंतर दीड वर्ष फोन थरथरला की पोटात गोळा यायचा. ऑन-कॉलवाल्या माणसाचं हे काय होणार, विचार करा. माझ्या सिनियरनी ओळखलं आणि टीम बदलून दिली. 'एवढं काही मोठं नाही, सगळ्यांच्याच घरी झालंय' असं म्हणत डॉक्टरांकडे जायला मी आणखी चार महिने लावले. शेवटी सांगलीत एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. गोळ्या थोडे दिवस, बोलणं बरेच दिवस. लिहायला त्यांनीच सांगितलं.

वहीतलं पोस्टमॉर्टेम

लिहिल्यानं खरंच काही होतं का, हा इंजिनिअरचा पहिला प्रश्न. म्हणून मी शोधलं. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सँड्रा बील यांच्यासोबत १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साधे विषय, काहींना आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रसंग. ज्यांनी प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, ती मुलं पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेली.

पण त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. लिहून झाल्या झाल्या त्या मुलांना जास्त वाईट वाटत होतं. फायदा नंतरचा, त्रास ताबडतोबचा. आणि ते कागद कुणाला दाखवायचे नव्हते, छापायचे तर मुळीच नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

मी पहिल्यांदा जे लिहिलं ती कविता नव्हती. आमच्या क्षेत्रात मोठा घोळ झाला की एक अहवाल लिहितात, त्याला पोस्टमॉर्टेमच म्हणतात. मी तसा अहवाल लिहिला. २:१० ला कॉल, ३:०० ला पाहिला, मूळ कारण: मी. डॉक्टरांनी तो वाचला आणि विचारलं, "तुमच्या कंपनीत असंच लिहितात का?" मी म्हटलं, नाही, आमच्याकडे नियम आहे, माणसावर ठपका ठेवायचा नाही, काय घडलं तेवढं क्रमानं लिहायचं. बोलता बोलता मीच थांबलो. कंपनीच्या सर्व्हरच्या बाबतीत मी जी रीत पाळत होतो, ती स्वतःच्या बाबतीत पाळत नव्हतो.

मग 'मूळ कारण' ही ओळ खोडली. उरलं ते फक्त टेबल, फोन, हेडफोन. ओळी आपोआप लहान झाल्या. त्यातली ही पहिली:

फोन उलटा ठेवला होता,
टेबलाकडे तोंड करून.
टेबलालाच माहीत
तो किती वेळ थरथरला.

फार मोठी कविता आहे असा माझा दावा नाही. पण ती लिहिली त्या रात्री मी फोन सरळ ठेवून झोपलो.

बरं व्हायला येण्याचं गाव

मिरजेबद्दल दोन शब्द, कारण 'बरं होणं' या गोष्टीवर आमचं गाव चालतं. डॉ. वानलेस यांनी इथं १८९४ मध्ये रुग्णालय बांधलं. तेव्हापासून कर्नाटकातून, सोलापूरकडून, कोकणातून लोक स्टेशनवर उतरतात आणि विचारतात, "दवाखाना कुठं?" मिरजेत लहानाचा मोठा झालेला मुलगा हा पत्ता सांगत सांगतच मोठा होतो.

याच गावात उपचारासाठी कुरुंदवाडचा एक मुलगा आणला होता. फटाका तोंडाजवळ फुटून त्याची नजर गेली होती. नजर काही नीट परत आली नाही. पण तो मिरजेत राहिला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला. तो मुलगा म्हणजे विष्णू दिगंबर पलुस्कर. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे तेच. १९३१ मध्ये ते गेले, तेही मिरजेतच.

ही गोष्ट आम्हाला शाळेत 'जिद्द' म्हणून सांगायचे. मला ती अण्णा गेल्यावर वेगळी दिसायला लागली. बरं होणं म्हणजे गेलेलं परत मिळणं, असं आपण धरून चालतो. पलुस्करांची नजर परत आली नाही, म्हणजे त्या अर्थानं ते बरे झालेच नाहीत. नजर गेली ती गेली, आणि गाणं आलं ते आलं. एकानं दुसऱ्याची भरपाई झाली असं मला म्हणायचं नाही. दोन्ही खरं आहे, एवढंच.

आणि आपल्या विषयाशी जुळणारी आणखी एक बाब. पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी बसवली आणि गाण्याची पुस्तकं स्वतःच छापून काढली. पुढे मुंबईतल्या विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. तेव्हा मंडळी, पदरमोड करून काम उभं करणाऱ्यांसाठी तोही एक धडा. खर्चाचा हिशेब आधी मांडा.

पुस्तक करायचं ठरलं

२०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत वहीत १४० कविता झाल्या होत्या. त्यातल्या ६० बऱ्या वाटल्या. तीन प्रकाशकांना पाठवल्या. एकाचं उत्तर आलं नाही. एकानं फार चांगल्या शब्दांत सांगितलं की नव्या कवीचा संग्रह विकला जात नाही, आणि ते खोटं नाही. तिसऱ्याकडून 'पॅकेज' आलं. ५५ हजार भरा, ५० प्रती तुम्हाला, प्रकाशन समारंभ आमच्याकडून, शाल-श्रीफळासकट. मी विचारलं, उरलेल्या प्रती किती आणि कुठं ठेवणार? स्पष्ट उत्तर आलं नाही. म्हटलं, पैसे माझेच जाणार असतील तर पुस्तकंही माझ्याच घरात राहू देत.

इथं मी माझी चूक सांगतो. मी निवड केली, क्रम लावला, मुखपृष्ठ ठरवलं, छपाईचे दर काढले. सगळं जवळपास ठरल्यावर आईला म्हटलं, "एकदा वाचून घेतेस का? शुद्धलेखन बघ फक्त." आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिच्या हाती लाल पेन दिलं की काम चोख होतं, एवढाच माझा विचार.

चार दिवस प्रत तिच्या उशाशी होती. पाचव्या दिवशी तिनं मला खाली बोलावलं. ऱ्हस्व-दीर्घ सगळं तपासलेलं. दोन ठिकाणी पेन थांबलं होतं.

पहिलं ठिकाण, ती फोनची कविता. आई म्हणाली, "त्या रात्री त्यांनी मलाही फोन केला होता."

मला हे माहीत नव्हतं. साडेतीन वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं.

"तू उचलला नाहीस म्हणून मला केला. आधी विचारलं, टाकीची मोटर बंद केली का. मग म्हणाले, पोरगा उचलत नाही. मी म्हटलं, जागाच आहे, वर काम चाललंय, फोन नेऊन देऊ का? तर म्हणाले, ड्यूटीवर आहे ना? मग राहू दे."

मी गप्पच. काही वेळानं विचारलं, "हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? फोन माझ्या हातात होता. बारा पायऱ्या होत्या. मी चढले नाही."

म्हणजे जी रात्र मी वर धरून बसलो होतो, तीच रात्र आई खाली धरून बसली होती. मला वाटत होतं, मी उचलला नाही. तिला वाटत होतं, तिनं नेऊन दिला नाही. आणि दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प. आम्ही त्या दिवशी खूप रडलो, मग आईनं चहा टाकला. साखर घालायला ती विसरली आणि आम्ही तो तसाच प्यायलो.

मी म्हटलं, ही कविता आता बदलतो, ही अर्धीच खरी आहे. ती म्हणाली, "बदलू नको. तुला तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढं त्यात आहे. दुसरी लिही." मी अजून ती दुसरी लिहू शकलेलो नाही. 'ड्यूटीवर आहे ना, मग राहू दे' या वाक्यापुढे मला अजून ओळ सुचलेली नाही. कदाचित सुचायची गरजही नाही.

दुसरं ठिकाण. शेवटच्या भागात आईवर एक कविता होती. अण्णांचं कपाट उघडून ती एकटी असताना काय करते, त्याबद्दल. माझ्या मते संग्रहातली सगळ्यात चांगली कविता. मित्रांनाही तीच आवडली होती. आई म्हणाली, "ही काढ."

मी वाद घातला. म्हटलं, यात तुझं नाव नाही, तुझ्याबद्दल वाईट काही नाही, उलट लोकांना...

ती म्हणाली, "हे मी तुला दाखवलेलं नव्हतं. तू बघितलंस."

यावर उत्तर नाही. मला तरी सापडलं नाही. मी कविता काढली. ती माझ्या वहीत आहे आणि वहीतच राहील.

माझ्या सगळ्या बोलण्यातलं तुम्ही एकच काही घेणार असाल तर हे घ्या. लिहिताना कुणाची परवानगी लागत नाही. कुणाबद्दलही, काहीही, कितीही कडू लिहा, ती वही तुमची आहे. पण दुःख एकट्याचं क्वचितच असतं. त्या खोलीत आणखी कुणीतरी असतं. छापायच्या आधी त्या माणसाला वाचायला द्या. शुद्धलेखनासाठी नाही, होकारासाठी. आणि 'नाही' ऐकायची तयारी ठेवून द्या.

हो, ज्यानं तुम्हाला इजा केली तोच माणूस कवितेत असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्याकडे परवानगी मागायला जा असं मी कुणालाही सांगणार नाही. तिथं नाव-गाव-ओळख पटेल असे तपशील बदला, आणि छापण्याआधी एखाद्या वकिलाशी बोला. तो माझा अनुभव नाही, म्हणून इथंच थांबतो.

आता खर्चाचं आणि कामाचं

ज्यांनी याच भागासाठी ऐकायला सुरुवात केली त्यांचे आभार, तुम्ही बराच धीर धरलात.

आयएसबीएन. हा क्रमांक विकत घ्यावा लागत नाही. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाकडून, आणि फुकट देते. २०१६ पासून अर्ज ऑनलाइन आहे. स्वतः प्रकाशित करणारा लेखकही अर्ज करू शकतो. मला साधारण तीन आठवडे लागले. 'आयएसबीएन काढून देतो, पाच हजार' असं कुणी म्हणालं तर तो क्रमांकाचे नाही, फॉर्म भरण्याचे पैसे मागतोय, एवढं समजून घ्या.

फॉन्ट. इथं माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी सगळं युनिकोडमध्ये टाइप केलेलं. प्रेसवाल्या काकांकडे जुना फॉन्ट, त्यात मजकूर बदलून घेतला आणि प्रूफ आलं. माझ्या कवितेत 'दऱ्या' होत्या, प्रूफात 'दर्या' झाला. डोंगरातून थेट समुद्रात! अर्धा र म्हणजे रफार समजून सॉफ्टवेअरनं तो वर चढवला होता. 'ऱ्या', 'ऱ्ह' असलेला प्रत्येक शब्द डोळ्यांनी तपासा: दुसऱ्या, तऱ्हा, किनाऱ्या. दुसरं, ल आणि श. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेतल्या या अक्षरांची वळणं ठरवून दिली आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी वळण आत असतं, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा 'हिंदी' निवडलेली असेल तर हिंदी वळण उमटतं. भाषा 'मराठी' करा, निम्मे प्रश्न सुटतात. मी शेवटी 'तिरो देवनागरी मराठी' वापरला. खुल्या परवान्याचा आहे, फुकट आहे, आणि पुस्तकात वाचायला छान दिसतो. पीडीएफ घरीच केली आणि काकांना सांगितलं, "याला हात लावू नका, आहे तशी छापा."

फॉर्मा. पुस्तक सुट्या पानांनी छापत नाहीत, फॉर्म्यांनी छापतात. डेमी आकारात माझ्या प्रेसचा फॉर्मा १६ पानांचा. ९६ पानं म्हणजे बरोबर सहा फॉर्मे. आईची कविता काढल्यावर दोन पानं रिकामी झाली. काका म्हणाले, "अहो, दोन पानं कोरी दिसतील, एखादी कविता घाला की, तुमच्याकडे ढीग असेल." मी म्हटलं, राहू देत कोरी. त्यांनी 'टीपा' असा मथळा टाकू का विचारलं. तो टाकला.

खर्च. ८० जीएसएमचा नॅचरल शेड कागद, आत एकरंगी, मुखपृष्ठ चाररंगी, ३०० प्रती: २२ हजार ५००. मुखपृष्ठाचं चित्र मैत्रिणीनं काढलं, तिला पाच हजार. मित्रांकडून फुकट काम करून घेऊ नका. टपाल, खोकी, किरकोळ धरून अडीच हजार. एकूण ३० हजार, म्हणजे एका प्रतीला १००. किंमत ठेवली १५०. दुकानदारानं ४० टक्के मागितले, म्हणजे हातात ९० येतात, तिथंच दहा रुपये तोटा. तेव्हा दुकानात मोजक्या ठेवा आणि बाकी स्वतः विका. फायद्याचं गणित कवितेत बसत नाही. बुडायचं किती, ते मात्र आधी ठरवता येतं.

साठा. २०१९ चा पूर बघितलेला सांगली-मिरजेचा माणूस कागद जमिनीवर ठेवत नाही. सांगली नगरवाचनालयातली पुस्तकं पाण्यात गेलेली आम्ही पाहिली आहेत. माझी खोकी माळ्यावर आहेत.

आणि एक कायदा, जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत प्रकाशकानं स्वतःच्या खर्चानं एकेक प्रत ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः छापलंत की प्रकाशक तुम्हीच. मी पाकिटं तयार करत होतो तेव्हा आई पत्ते वाचत बसली होती. म्हणाली, "जन्मभर रेल्वेचा पास होता, पण कलकत्ता बघायचं राहिलं होतं त्यांचं. आता पोचतील."

निघाल्यावर काय झालं

समारंभ केला नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी घराच्या गच्चीवर ३५-४० लोक, पोहे आणि चहा. अण्णांच्या यार्डातले सहाजण आले. त्यातल्या एका काकांनी पाच प्रती घेतल्या, पाचीचे पैसे मोजून दिले आणि विचारलं, "यात यार्ड कुठल्या पानावर आहे?" मी ३१ व्या पानावरची वाचून दाखवली. त्यांनी एक चूक काढली, सिग्नलच्या रंगाची. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करणार आहे.

मग पत्रं, मेसेज. कवठेमहांकाळकडच्या एका ताईंनी लिहिलं, त्यांनीही एक फोन उचलला नव्हता आणि ते त्यांनी आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. मला वाटलं, पुस्तकाचे पैसे वसूल झाले. दोनच दिवसांनी एका मुलाचा मेसेज आला, रात्री दीडला. पुस्तक एका बैठकीत वाचलं, आता झोप येत नाही, सगळं परत डोळ्यांसमोर येतंय. मी घाबरलो. पेनेबेकरचा तो दुसरा निष्कर्ष आठवला, त्रास ताबडतोबचा. लिहिणाऱ्याला होतो तसा वाचणाऱ्यालाही होतो, आणि माझ्यासोबत डॉक्टर होते, त्याच्यासोबत त्या रात्री फक्त माझं पुस्तक होतं. मी त्याच्याशी बोललो, सकाळी त्याच्या मोठ्या भावाशी बोललो. तो आता ठीक आहे.

त्यानंतर माळ्यावरची सगळी खोकी खाली काढली आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीत आतल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवली. 'एका बैठकीत वाचू नका. जड वाटलं तर पुस्तक मिटा आणि कुणाशी तरी बोला.' खाली टेलि-मानसचा नंबर, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. हे मी आधीच छापायला हवं होतं. तुम्ही असं पुस्तक काढणार असाल तर विसरू नका.

तर, बरं वाटलं का?

छापून बरं वाटलं नाही. छापताना दगदग झाली, पैसे गेले, प्रूफं तपासताना प्रत्येक ओळ वीस वेळा वाचावी लागली आणि काही रात्री पुन्हा वाईट गेल्या. लिहून थोडं बरं वाटलं. डॉक्टरांमुळे बरंच. पण सगळ्यात जास्त बरं वाटलं ते पाचव्या दिवशी, खालच्या खोलीत, बिनसाखरेचा चहा पिताना. पुस्तक काढायचं नसतं तर मी ती प्रत आईला दिली नसती, हेही तितकंच खरं.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पुस्तक काढा किंवा काढू नका. तीनशे प्रती राहू देत. आधी एकच प्रत काढा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात, स्पायरल बाइंडिंग करून. ती एका माणसाला द्या, जो त्या रात्री तुमच्यासोबत होता. त्याचं वाचून होऊ दे. मग ठरवा.

माझ्याकडे अजून ८७ प्रती आहेत. एक प्रत खरे मंदिर वाचनालयात दिली आहे, मिरजकरांनी तिथून न्यावी. आणि हो, फोन आता टेबलावर सरळच असतो. कधी कधी वाजतो, कधी कधी राहून जातो. राहिला तर मी नंतर करतो.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या. घरी फोन करा, नाहीतर चार पायऱ्या उतरून खाली जा. चला, येतो.